खेळ पहिल्या फेरीचा, फाइल जाडजूड: ड्राफ्ट बोर्डवर अशा पोराला कुठे बसवायचं

आधी व्हिडिओ बंद करा. अमेरिकन फुटबॉलचा ड्राफ्ट, म्हणजे व्यावसायिक संघांनी कॉलेजची पोरं पाळीपाळीने निवडणं, एप्रिलमध्ये असतो. एप्रिल आला की आपण सगळे यूट्यूबवर पोरांची धावपळ बघत बसतो आणि त्यांच्या भानगडी नंतर वाचतो. क्रम उलटा ठेवा. एखाद्याला तीन बचावपटूंना चकवून सत्तर यार्ड पळताना एकदा बघितलं, की पुढे पोलिसांच्या अहवालात काहीही आलं तरी मन म्हणतं, 'वीस-एकवीसचं पोर आहे, होतं असं.' तोच अहवाल आधी वाचला तर मन असलं काही म्हणत नाही.

मी मूळची मिरजेची, आता बरीच वर्षं मिनेसोटात. मोटार विम्याच्या कंपनीत अंडररायटर आहे. कुणाला विमा द्यायचा, किती हप्त्याला द्यायचा आणि कुणाला द्यायचाच नाही, हे ठरवणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. इथल्या व्हायकिंग्ज संघाचं वेड इथे आल्यावर लागलं. नवरा मात्र शेजारच्या विस्कॉन्सिनच्या पॅकर्सचा, त्यामुळे सप्टेंबर ते जानेवारी घरात वातावरण जरा जपूनच असतं. दर एप्रिलला आमची मराठी मित्रमंडळी कुणाच्या तरी तळघरात जमतात आणि आमचा खोटा ड्राफ्ट होतो. प्रत्येकाकडे एक संघ, एक बोर्ड (म्हणजे घ्यायच्या पोरांची क्रमवार यादी), आणि खऱ्या जनरल मॅनेजरांपेक्षा चौपट आत्मविश्वास. नवीन आलेली मंडळी दर वेळी एकच विचारतात: 'हा पोरगा खेळतो भारी, पण याच्या नावावर हे हे आहे. घ्यायचा का?' त्यांच्यासाठी हे लिहितेय. ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच: एनएफएल या व्यावसायिक लीगचे ३२ संघ, सात फेऱ्या, मागच्या हंगामात जो तळाला त्याची पहिली पाळी, आणि तीन दिवसांत अडीचशेच्या वर कॉलेजची पोरं व्यावसायिक होतात.

व्हिडिओ आधी बघितला की काय होतं त्याचं उदाहरण १९९६ चं आहे. नेब्रास्काचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, लॉरेन्स फिलिप्स. सप्टेंबर १९९५ मध्ये त्याने आधीच्या मैत्रिणीला मारहाण केली आणि जिन्यावरून फरफटत खाली आणलं. कॉलेजने सहा सामने बाहेर बसवलं आणि मग परत घेतलं. जानेवारीत राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात तो १६५ यार्ड धावला. एप्रिलमध्ये सेंट लुईस रॅम्सच्या डोळ्यांपुढे ते १६५ यार्ड होते. त्यांनी त्याला सहाव्या क्रमांकावर उचललं आणि त्याच दिवशी आपला जुना रनिंग बॅक जेरोम बेटिस पिट्सबर्गला देऊन टाकला. नोव्हेंबर १९९७ मध्ये फिलिप्सला काढून टाकावं लागलं. पुढे त्याने आणखी लोकांना इजा केली, तुरुंगात गेला आणि २०१६ मध्ये तिथेच त्याचा मृत्यू झाला. बेटिस हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या यादीत, आहे.

फाइलचे गठ्ठे करा

टीव्हीवरचे पंडित सगळं एकाच शब्दात गुंडाळतात: 'कॅरेक्टर कन्सर्न'. गांजा ओढणारा, प्रशिक्षकाला उलट बोलणारा आणि बाईवर हात टाकणारा, तिघांच्या नावापुढे तोच लाल ठिपका. आमच्या धंद्यात असं केलं तर दुसऱ्या दिवशी घरी पाठवतील. तेव्हा तीन गठ्ठे करा. पहिल्यात, त्याने दुसऱ्याला इजा केली. दुसऱ्यात, तो स्वतःची वाट लावतोय. तिसऱ्यात, त्याच्यापायी संघाला डोकेदुखी आहे.

दुसऱ्या गठ्ठ्यापासून सुरू करते, कारण तिथे सगळ्यात जास्त पैसा उगाच वाया गेलाय. २०१६ च्या ड्राफ्टला काही मिनिटं बाकी असताना लॅरमी ट्युन्सिलच्या ट्विटर खात्यावर कुणीतरी एक व्हिडिओ टाकला. पोराच्या तोंडावर गॅस मास्क आणि त्याला जोडलेल्या नळीतून गांजाचा धूर. पहिल्या पाच-सहांत जाणारा म्हणून त्याच्याकडे बघितलं जात होतं. मायामीने त्याला तेराव्या क्रमांकावर घेतलं. त्यानंतर तो वर्षानुवर्षं या खेळातल्या उत्तम लेफ्ट टॅकलांमध्ये (चेंडू फेकणाऱ्याचं रक्षण करणाऱ्यांमध्ये) गणला गेला. आता तर नियमही बदललेत. लीग आणि खेळाडूंच्या २०२० च्या करारापासून गांजाच्या चाचणीत सापडला म्हणून खेळाडूला निलंबित करत नाहीत. ज्या गोष्टीने सामने बुडत नाहीत तिच्यासाठी अर्धी फेरी खाली ढकलायचं कारण काय?

पण इथेच एक बारीक गोष्ट बघा. २०१५ मध्ये रँडी ग्रेगरी नावाचा पास रशर (चेंडू फेकणाऱ्यावर चाल करून जाणारा) इंडियानापोलिसच्या कम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधी सगळ्या संघांपुढे होणाऱ्या तपासणीत, गांजाच्या चाचणीत सापडला. कम्बाइनची तारीख महिनोन् महिने आधी ठरलेली असते. चाचणी होणार हे प्रत्येक पोराला माहीत असतं. त्यामुळे ती चाचणी पोरगा ओढतो का हे सांगतच नाही. ठरलेल्या दिवसापुरतं त्याला थांबता येतं का, एवढंच सांगते. ग्रेगरीला थांबता आलं नाही. डॅलस काउबॉइजने त्याला ६० व्या क्रमांकावर स्वस्तात घेतलं आणि निलंबनांपायी त्याचे २०१७ आणि २०१९ चे अख्खे हंगाम गेले. ट्युन्सिलचा व्हिडिओ आणि ग्रेगरीची चाचणी, दोन्हींत गांजाच आहे. पहिल्याकडे मी दुर्लक्ष करते. दुसऱ्याला उपचाराची गरज आहे, आणि उपचार देणारं घर तुमच्याकडे नसेल तर स्वस्तातही घेऊ नका.

तिसऱ्या गठ्ठ्याचं वजन जागेवर अवलंबून आहे. मीटिंगला उशिरा येणारा कॉर्नरबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, चालून जातो. तसलाच क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाचा हल्ला चालवणारा, अख्खी लॉकर रूम नासवतो. १९९८ मध्ये क्वार्टरबॅक रायन लीफच्या नावावर पोलिसांचा एक कागद नव्हता. सॅन डिएगो चार्जर्सने तिसऱ्यावरून दुसऱ्या क्रमांकावर यायला पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली पाळी, एक दुसऱ्या फेरीतली पाळी आणि दोन खेळाडू मोजले. त्याने त्यांच्यासाठी १८ सामने सुरू केले आणि ४ जिंकले. दुखापती होत्याच, पण वार्ताहरांवर आरडाओरडा, सहकाऱ्यांशी बिनसलेलं आणि कामाची टाळाटाळ हे त्याहून मोठं होतं. सोळा वर्षांनी क्लीव्हलँडने क्वार्टरबॅक जॉनी मान्झेलला २२ व्या क्रमांकावर घेतलं तेव्हा त्याचं पार्टीबाज वागणं कॉलेजपासून जगजाहीर होतं. दोन हंगामांत संपलं. क्वार्टरबॅक असेल तर तिसरा गठ्ठा दुसऱ्याइतकाच जड धरा.

आता पहिला गठ्ठा. माझ्याकडे याला सवलत नाही, नकार आहे. हे नाव बोर्डवर चढत नाही, मग तो पहिल्या फेरीचा असो की सातव्या. टायरीक हिलने २०१५ मध्ये गरोदर मैत्रिणीला मारहाण करून गळा आवळल्याचा गुन्हा कबूल केला. २०१६ मध्ये कॅन्सस सिटीने त्याला पाचव्या फेरीत, १६५ व्या क्रमांकावर घेतलं. जो मिक्सनने २०१४ मध्ये एका तरुणीला ठोसा मारून तिच्या चेहऱ्याची हाडं मोडली. त्याचा व्हिडिओ डिसेंबर २०१६ मध्ये सगळ्या देशाने बघितला, आणि चार महिन्यांनी सिनसिनाटीने त्याला ४८ व्या क्रमांकावर घेतलं. दोघेही खेळले, आणि उत्तम खेळले. हिलने तर सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. नवरा दर वर्षी मला हे ऐकवतो. 'तुझ्या नियमाने तू हिल घालवलास.' घालवला. १६५ व्या क्रमांकाला घेतल्याने स्वस्त झाली ती कॅन्सस सिटीची जोखीम. त्या बाईचं जे झालं ते झालंच.

नवऱ्याचं दुसरं म्हणणं जास्त वजनदार आहे: शिक्षा भोगली, मग जन्मभर दार बंद ठेवायचं का? मी जन्मभर म्हणत नाही. अंडररायटिंगमध्ये वाईट नोंद पुसायला एकच गोष्ट लागते, आणि ती म्हणजे मधली वर्षं. मधे काही घडलं नाही अशी वर्षं. ड्राफ्टमध्ये नेमकी तीच नसतात. घटना अठरा महिन्यांपूर्वीची असेल तर पुरावाही अठरा महिन्यांचाच, आणि तोही अशा काळातला जेव्हा एजंट पोराला डोळ्यांत तेल घालून सांभाळत असतो. पाच वर्षांनी तो करार संपलेला मोकळा खेळाडू म्हणून बाजारात आला तर फाइल पुन्हा उघडीन.

वेगाची तिकिटं

हा माझा प्रांत, त्यामुळे इथे जरा जास्त थांबते. स्काउट लोक, म्हणजे संघांसाठी पोरं हेरणारे, ट्रॅफिकच्या तिकिटांकडे ढुंकून बघत नाहीत. आमच्या धंद्यात तेच पहिलं पान.

जॉर्जिया विद्यापीठाचा जेलन कार्टर २०२३ च्या ड्राफ्टमधला बहुधा सगळ्यात गुणी पोरगा. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याला ४५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ताशी ८९ मैलांनी जाताना पकडलं होतं. चार महिन्यांनी, १५ जानेवारी २०२३ च्या पहाटे, राष्ट्रीय विजेतेपदाचा सोहळा झाल्यानंतर, त्याची गाडी आणि संघातल्याच लोकांची दुसरी गाडी शर्यत लावत होत्या. दुसरी गाडी आदळली. त्यात त्याचा एक सहखेळाडू आणि संघाची एक कर्मचारी गेली. कम्बाइन चालू असतानाच त्याच्या नावाचं वॉरंट निघालं. त्याने आरोपाला आव्हान दिलं नाही आणि त्याला १२ महिने प्रोबेशन, १,००० डॉलर दंड, ८० तास समाजसेवा एवढी शिक्षा झाली. त्याच आठवड्यातल्या प्रो डेला, म्हणजे कॉलेजमध्ये स्काउटांपुढे होणाऱ्या कसरतींना, तो नऊ पौंड वाढवून आला आणि कसरती पुऱ्या करू शकला नाही.

कोणत्या गठ्ठ्यात टाकाल? हात उगारलेला नाही, कुणाला मारायचा इरादा नाही. पण माणसं गेली. कोर्टाने मृत्यूंचा आरोप त्याच्यावर ठेवला नाही. माझा आडाखा असा: पहिलं तिकीट हे वय, दुसरं तिकीट ही सवय. पहिल्या तिकिटानंतर काय झालं ते बघा. कार्टरच्या बाबतीत चार महिन्यांत शर्यत झाली. मी त्याला पहिल्या गठ्ठ्यात टाकला नाही, पण दुसऱ्या गठ्ठ्याची पूर्ण कपात लावली आणि वजन वाढवून आल्याची वेगळी. आमच्याच व्हायकिंग्जने त्याच ड्राफ्टमध्ये जॉर्डन ॲडिसन घेतला. जुलैमध्ये, हंगामाआधीचं सराव शिबिर सुरू व्हायच्या आधी, तो सेंट पॉलच्या ९४ नंबर हायवेवर ५५ च्या टापूत ताशी १४० मैलांनी गाडी चालवताना सापडला. पुढच्या वर्षी दारू पिऊन गाडी चालवल्याच्या संशयावरून अटक, आणि २०२५ च्या हंगामाची सुरुवात तीन सामन्यांच्या निलंबनाने. तोच रस्ता मी रोज ऑफिसला जाताना घेते, त्यामुळे माझं मत तटस्थ नाही हेही सांगून ठेवते.

हे सांगितलं कुणी?

गठ्ठ्यात कागद टाकण्याआधी त्याच्यावर कुणाची सही आहे ते बघा. सगळ्यात वर कोर्टाची कागदपत्रं आणि कबुलीजबाब. मग पोलिसांचा अहवाल, त्यातले साक्षीदार, वेळा. त्याच्या खाली कॉलेजने केलेली कारवाई, आणि तीही बघा की सामना कुणाशी होता. दुबळ्या संघाविरुद्धचं निलंबन स्वस्त असतं. तळाला 'सूत्रांकडून कळतं'. एप्रिलमधल्या सूत्रांना स्वतःचा संघ असतो. एखादा पोरगा आपल्या पाळीपर्यंत घसरावा म्हणून बातम्या सोडल्या जातात. मार्चच्या आधी कुठेच नसलेली अफवा ड्राफ्टच्या आठवड्यात उगवली तर मी तिला शून्य गुण देते.

आरोप खरा की खोटा हे कळायच्या आत घड्याळ संपतं, अशीही वेळ येते. २०१५ मध्ये लुइझियाना स्टेटचा लाइनमन लाएल कॉलिन्स पहिल्या फेरीचा समजला जात होता. ड्राफ्टच्या तोंडावर त्याच्या आधीच्या मैत्रिणीचा खून झाला आणि पोलिसांना त्याच्याशी बोलायचं होतं. पोलिसांनी त्याला कधीच संशयित म्हटलं नाही. तरी सातही फेऱ्यांत एकाही संघाने त्याचं नाव घेतलं नाही. नंतर काउबॉइजने त्याला ड्राफ्टबाहेरून उचललं आणि तो वर्षानुवर्षं त्यांच्याकडून खेळला. बत्तीसही संघ घाबरले ते ठीक, पण सातव्या फेरीतसुद्धा? तिथे गमावण्यासारखं काय होतं? पहिल्या फेरीत थांबणं शहाणपणाचं. सहाव्या-सातव्या फेरीत, पोलीस स्वतःच संशयित म्हणत नसताना, घ्यायला हवं होतं.

उलट टोकाला सिअॅटल. त्याच वर्षी त्यांनी मिशिगनच्या फ्रँक क्लार्कला ६३ व्या क्रमांकावर घेतलं. हॉटेलमध्ये मैत्रिणीला मारहाण केल्याच्या आरोपावरून त्याला अटक झाली होती, कॉलेजने काढून टाकलं होतं. संघ म्हणाला, आम्ही सखोल चौकशी केली. मग सिअॅटल टाइम्सने पोलिस अहवालातल्या साक्षीदारांना गाठलं, तेव्हा कळलं की संघाने त्यांना विचारलेलंच नाही. घरबसल्या आपण साक्षीदारांना फोन करू शकत नाही. पण 'चौकशी केली' असं वाचलं की 'कुणाची?' एवढं विचारू शकतो.

मुलाखतीवर फार विसंबू नका. कम्बाइनमध्ये एका संघाला एका पोराबरोबर जेमतेम पंधरा-वीस मिनिटं मिळतात आणि एजंटांनी उत्तरं पाठ करून घेतलेली असतात. काही लोक मग पोराला डिवचून बघतात. २०१० मध्ये मायामीच्या जनरल मॅनेजरने डेझ ब्रायंटला, तुझी आई वेश्या होती का, असं विचारलं आणि नंतर जाहीर माफी मागितली. असल्या प्रश्नातून पोराबद्दल काही कळत नाही, विचारणाऱ्याबद्दल मात्र भरपूर कळतं. खरी माहिती कॉलेजच्या ट्रेनरकडे, कपडे-सामान सांभाळणाऱ्या माणसाकडे, अभ्यासाच्या सल्लागाराकडे असते, म्हणजे ज्यांच्याशी गोड वागून पोराला काहीच मिळणार नव्हतं त्यांच्याकडे. कुठल्या लेखात अशा माणसाचं एक वाक्य सापडलं तर ते कापून ठेवा.

किंमत लावा

आता व्हिडिओ बघा. पोटभर बघा, आणि फाइल जणू नाहीच असं समजून खेळाचा क्रमांक लिहा.

मग जिमी जॉन्सनचा तक्ता काढा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डॅलसच्या या प्रशिक्षकाने प्रत्येक क्रमांकाला गुण दिले: पहिल्याला ३,०००, तिसऱ्याला २,२००, नवव्याला १,३५०, एकविसाव्याला ८००, ६९ व्याला २४५. आज संघांकडे नवे तक्ते आहेत, पण आपल्या कामाला हा पुरतो. माझे ढोबळ नियम असे: दुसऱ्या गठ्ठ्याला एक तृतीयांश कपात, तिसऱ्याला दहावा हिस्सा, क्वार्टरबॅक असेल तर तिथेही एक तृतीयांश. खेळाने तिसरा असलेला पोरगा, २,२०० गुण, दुसरा गठ्ठा. कपातीनंतर साधारण १,४६७ उरतात. ते सातव्या (१,५००) आणि आठव्या (१,४००) क्रमांकांच्या मधे पडतं. तो तिथे बसला. सहाव्या पाळीला तो समोर असला तरी मी घेत नाही, आठव्याला असला तर डोळे झाकून घेते. कार्टर माझ्याकडे नवव्याच्या आसपास आला होता, ती वजनाची वेगळी कपात धरून. फिलाडेल्फियाने त्याला नवव्यालाच घेतलं. त्यासाठी शिकागोशी दहाव्यावरून एक पायरी वर चढायला पुढच्या वर्षीची चौथी फेरी दिली, बस्स.

या आकड्यांवर एक अट. तुमच्या पाळीला पुढचा पर्याय किती जवळ आहे ते बघा. ट्युन्सिलच्या रात्री बाल्टिमोरने सहाव्या क्रमांकावर त्याला सोडून रॉनी स्टॅन्ली घेतला. स्टॅन्लीही अव्वल दर्जाचा टॅकल निघाला. त्यांनी भीतीपोटी सोडला असेल किंवा नसेल, पण त्यांचं नुकसान शून्य. शंका असलेला आणि नसलेला यांच्यात उन्नीस-बीसचा फरक असेल तर गणित करूच नका, नसलेला घ्या.

पैशाचं गणित २०११ नंतर सोपं झालं. त्याच्या आदल्या वर्षी सॅम ब्रॅडफर्डला पहिल्या क्रमांकाचे म्हणून ५ कोटी डॉलर हमखास मिळाले होते. लीग आणि खेळाडूंच्या २०११ च्या करारात नवख्यांच्या पगाराला क्रमांकाप्रमाणे ठरीव माप आलं, त्यामुळे आता चुकीच्या निवडीत पैशापेक्षा क्रमांक वाया जातो. मोठा पैसा दुसऱ्या कराराला. म्हणून फाइल फेकू नका. न्यू इंग्लंडने ॲरन हर्नांडेझला २०१० मध्ये ११३ व्या क्रमांकावर घेतलं, ते फार महाग नव्हतं. महाग पडला तो २०१२ चा सुमारे ४ कोटी डॉलरचा नवा करार. वर्षभरात त्याला खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. दोन हंगाम चांगले गेले की फाइल कपाटाच्या तळाशी जाते. तिथून ती काढून नव्या कराराआधी पुन्हा वाचायची.

घरात त्याला कोण आहे?

मिनेसोटात राहून झेल घेणाऱ्या रँडी मॉसचं नाव न घेता हे लिहिणं शक्य नाही. हायस्कूलमध्ये मारामारीत सापडला, त्यामुळे नोत्र दाम विद्यापीठाने दार लावलं. फ्लोरिडा स्टेटला गेला, प्रोबेशनवर असताना गांजा ओढला, तिथूनही गेला. शेवटी मार्शल विद्यापीठ. १९९८ मध्ये डॅलसने त्याला आठव्या क्रमांकावर सोडलं, सिनसिनाटीने दोनदा सोडलं, आणि एकविसाव्याला व्हायकिंग्जने घेतला. पहिल्याच हंगामात १७ टचडाउन, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं. थँक्सगिव्हिंगला डॅलसच्या घरी जाऊन तीन झेल, १६३ यार्ड, तिन्ही टचडाउन. इथले म्हातारे अजून तो सामना झेलागणिक सांगतात.

माझ्या स्वतःच्या नियमाने मी मॉसला घेतला असता का? हायस्कूलची मारामारी पहिल्या गठ्ठ्याच्या दारात उभी आहे. पण मधे तीन वर्षं होती आणि त्या तीन वर्षांत पुन्हा कुणाला इजा केल्याचा गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. घेतला असता, कपात लावून. त्याहून महत्त्वाचं म्हणजे व्हायकिंग्जकडे क्रिस कार्टर होता. १९९० मध्ये व्यसनापायी फिलाडेल्फियाने काढून टाकलेला आणि मिनेसोटाने वेव्हर्सवरून, म्हणजे सोडून दिलेल्या खेळाडूंच्या यादीतून, १०० डॉलरला उचललेला. तो सुधारला आणि पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्याच जागी खेळणारा, त्याच भानगडीतून गेलेला, आणि लॉकर रूममध्ये ज्याचा शब्द चालतो असा माणूस. डेनिस ग्रीन प्रशिक्षक. डॅलसकडे तेव्हा स्वतःच्याच खेळाडूंच्या भानगडी पुरून उरलेल्या होत्या. मायकल अर्विनचं ड्रग्जचं प्रकरण १९९६ चंच. त्यांनी ग्रेग एलिस घेतला, जो त्यांच्याकडून अकरा हंगाम खेळला. लोक डॅलसला हसतात. मला त्यांचा नकार समजतो. त्या घरात मॉसला सांभाळणारं कुणी नव्हतं.

म्हणून बोर्डवर नावापुढे एक रकाना ठेवा आणि त्यात माणसाचं नाव लिहा. 'चांगली संस्कृती' असलं काही लिहू नका, माणूस लिहा. २०१३ मध्ये टायरन मॅथ्यूला, ज्याला लुइझियाना स्टेटने ड्रग्जपायी काढलं होतं, ॲरिझोनाने ६९ व्या क्रमांकावर घेतलं. रकान्यात पॅट्रिक पीटरसन: कॉलेजपासूनचा सोबती, त्याच फळीत खेळणारा. मॅथ्यूने नियमित चाचण्या देणं मान्य केलं. तिसऱ्या हंगामात ऑल-प्रो, म्हणजे लीगच्या सर्वोत्तम खेळाडूंत निवड. जेलन कार्टरच्या रकान्यात फिलाडेल्फियाचे जॉर्जियातून आलेले जॉर्डन डेव्हिस आणि नकोबी डीन. संघाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोल जिंकला. पुढच्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात, खेळ धड सुरू व्हायच्या आत, हाच कार्टर डॅलसचा क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉटवर थुंकला म्हणून बाहेर काढला गेला. रकाना भरला म्हणजे काम संपलं असं नाही. मॉसनेही २००२ मध्ये मिनिॲपोलिसच्या रस्त्यावर ट्रॅफिकवालीला गाडीने ढकललं होतं, तेव्हा क्रिस कार्टर संघातून गेलेला होता. ज्या वर्षी तो माणूस जाईल त्या वर्षी कपात परत लावा.

कोऱ्या फाइलला बक्षीस नाही

हे थोडक्यात सांगते. स्वच्छ फाइल म्हणजे कपात नाही, एवढंच. वर गुण द्यायचे नाहीत. आमचा एड्रियन पीटरसन २००७ मध्ये आला तेव्हा चिंता कॉलरबोनची होती. २०१४ मध्ये चार वर्षांच्या मुलाला छडीने फोडून काढल्याच्या खटल्यात जवळजवळ अख्खा हंगाम गेला. रेडर्सने २०२० मध्ये बाराव्या क्रमांकावर हेन्री रग्ज घेतला तेव्हा कुणी भुवई उंचावली नव्हती. नोव्हेंबर २०२१ मध्ये दारू पिऊन ताशी १५६ मैलांनी चालवलेल्या त्याच्या गाडीने एका तरुणीचा जीव घेतला. विम्यातही पहिला अपघात कोऱ्या नोंदीवरच होतो.

शेवटचं काम ड्राफ्टच्या आदल्या रात्रीचं. नकाराची यादी वेगळ्या कागदावर लिहा, प्रत्येक नावापुढे एका ओळीत कारण, आणि तो कागद दुसऱ्याच्या हाती द्या. पहिल्या दिवशी नकार द्यायला काही वाटत नाही. खरी परीक्षा तिसऱ्या दिवशी दुपारी, पाचव्या फेरीत, उरलेली सगळी नावं सामान्य असताना, जेव्हा पहिल्या गठ्ठ्यातला एक झळाळता पोरगा अजून तिथेच बसलेला असतो आणि तळघरातला प्रत्येक जण म्हणतो, 'आता काय जातंय?' तेव्हा कागद आपल्या हातात नसलेला बरा. मी माझा लिफाफा नवऱ्याला देते, कारण मला नियम मोडताना पकडण्याचा आनंद पॅकर्सच्या माणसाइतका कुणाला होणार? तो त्याचा मला देतो. त्याच्या लिफाफ्यात दर वर्षी एकच शब्द असतो: 'बघू.'